जळकोटची भिंत कशानं पडली

नळदुर्गच्या खाजामियाँला कुणी धंदा विचारला तर तो म्हणायचा, "दगडाची समजूत काढतो." विहीर खणताना काळा पाषाण लागला आणि पहारी बोथट झाल्या, की जळकोटपासून मुरुमपर्यंतची माणसं त्याच्या दारात यायची. तो विहिरीच्या तळाशी उतरायचा, हातोडीनं दगड वाजवायचा, कान लावायचा, पान खायचा, पुन्हा वाजवायचा. खणणारे वैतागून जायचे. मग कधीतरी तो एका जागी बोट ठेवायचा, तिथं भोक पाडून घ्यायचा, जिलेटिनच्या कांड्या आत सरकवून वर पिवळी माती ठासायचा, त्यावर ओली पोती आणि बाभळीच्या काट्यांचा भारा टाकायचा, आणि वर येऊन लाल फडकं हलवत तीनदा ओरडायचा, "बार हायेऽ!" दगड फुटायचा, पण उडायचा नाही. बावन्नाव्या वर्षी त्याच्या हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. सुरुंगाच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

सरकारी कागदही होताच. परवाना निजामाच्या अमलात उर्दूत मिळाला होता, विलीनीकरणानंतर इंग्रजीत झाला, आणि महाराष्ट्र झाल्यावर मराठीत. त्यातला पहिलाच तेवढा त्याला वाचता यायचा. पण तिन्ही कागद तो एका पत्र्याच्या नळीत घालून जपायचा आणि कुणी बघायला मागितले तर छाती काढून दाखवायचा.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात जळकोटला धुळाप्पाच्या विहिरीचं काम निघालं. चार दिवस सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी दुपारी खाजामियाँनं चार कांड्यांचा बार घेतला. आवाज नेहमीसारखाच झाला. धूर निवळला तसा तो तळाशी उतरला, दगड कसा चिरला ते बघत बसला, आणि वरून एकदम गलका ऐकू आला. विहिरीपासून सव्वाशे फुटांवर अयोध्या नावाच्या विधवा बाईचं घर होतं. त्या घराची मातीची भिंत बसली होती आणि बाई तिच्याखाली सापडली होती. खाजामियाँ धापा टाकत वर आला तोवर लोकांनी तिला बाजेवर घालून सडकेकडं नेलंसुद्धा. त्याला दिसली ती लांबून जाणारी बाज आणि बाजेखाली लोंबणारं लुगड्याचं टोक.

बाई वाचली. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली दोन जागी मोडला. गावातल्या चार शहाण्यांनी तुळजापूरच्या कचेरीत अर्ज दिला, कचेरीनं चौकशी लावली, आणि निकाल लागेपर्यंत म्हणून तिन्ही कागद ठेवून घेतले; पत्र्याची नळी रिकामी झाली.

परवाना गेल्याचं दुःख होतंच, ते कुणाला नसतं? पण खाजामियाँच्या डोक्यात भुंगा शिरला तो वेगळाच. भिंत आपण पाडली का? ठासणी नीट होती. पोती ओली होती. काटे होते. एक खडा विहिरीबाहेर उडाला नव्हता. मग सव्वाशे फुटांवरची भिंत पडली कशी? आणि आपण पाडली नाही म्हणावं, तर नेमकी त्याच वेळी तिला पडायची बुद्धी कशी झाली? त्यानं धुळाप्पाला विचारलं. धुळाप्पा म्हणाला, "तुमच्याच बारानं पडली, पर तुमचा काय इलाज?" मशिदीतल्या मौलवींना विचारलं. ते म्हणाले, पडायची वेळ आली की पडते. गवंड्याला विचारलं. गवंडी म्हणाला, भिंत बघितल्याशिवाय काय सांगू, आणि भिंत तर आता राहिली नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. रोज सकाळी उठताना त्याला वाटायचं, आपण पाडली नाही. दुपारी जेवताना वाटायचं, आपणच पाडली.

जळकोटला तो पुन्हा गेला नाही. जायचं तर काय म्हणून जायचं, हेच त्याला उलगडेना. गुन्हेगार म्हणून जावं, तर गुन्हा केला की नाही ते ठाऊक नाही. भला माणूस म्हणून जावं, तर तेही ठाऊक नाही. त्याची बायको फरिदाबी तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "अजी, न्हायतर इसरून जावा, न्हायतर कबूल करा. ह्यो घोळ किती दिवस घालनार?" पण घोळ असा सांगून सुटत असता तर काय हवं होतं!

चौसष्टच्या जानेवारीत नळदुर्गच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद सडकेसाठी दगड काढायच्या खाणीवर पुण्याहून एक जीप आली. तिच्यातून उतरले गुरुलिंगसाहेब. मूळचे मुरुमचे, हैदराबादेत शिकलेले, आता पुण्यात कुठल्याशा प्रयोगशाळेत. वय पस्तिशीचं, चष्मा जाड. सुरुंग उडवताना माणसं किती लांब ठेवायची, याचा सरकारला एक तक्ता हवा होता. तक्ता सडकेच्या कामांना लागू होणार, विहिरींनाही होणार. त्यासाठी हवेचा धक्का मोजायचा होता. खाणीवर एक सुरुंगवाला होता तो रजेवर गेलेला. कुणीतरी खाजामियाँचं नाव घेतलं. परवाना कचेरीत अडकलाय म्हटल्यावर साहेब म्हणाले, "माझ्या परवान्यावर, माझ्या डोळ्यांसमोर काम करतील. हात चांगला आहे ना?" हात चांगलाच होता.

पहिल्याच दिवशी खाजामियाँ चक्रावला. साहेबांनी माळावर लाकडी चौकटी उभ्या केल्या, त्यांवर मांजरपाट ताणलं आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्या रंगवून घेतल्या. वीस फूट लांब, आठ फूट उंच. सडकेवरचे ट्रकवाले गाड्या थांबवून विचारू लागले, तंबूचा सिनेमा कधी लागणार म्हणून. पडद्यापुढं बांबूवर कांड्या टांगायच्या होत्या. अगदी उघड्या. माती नाही, पोतं नाही, काटा नाही. आणि दीडशे फुटांवर, वाळूच्या पोत्यांमागं, शिलाई मशीनच्या पेटीएवढा एक कॅमेरा.

"साहेब, हवेचा जोर मोजायचा तर हवेत कायतरी ठेवाया नगो का? ह्यो डबा तर दीडशे फुटांवर बसनार."

"हा डबा एका सेकंदात पाच हजार चित्रं काढतो, चाचा."

"कशाची?"

"हवेची."

खाजामियाँनं फरिदाबीला संध्याकाळी हे सांगितलं, तेव्हा तिनं आधी त्याच्या तोंडाजवळ येऊन वास घेतला. बिचारा जन्मात कधी प्यायला नव्हता. हवेची चित्रं, आणि तीही पाच हजार! एक काढलं तरी कोरंच निघणार, मग पाच हजार कोरी चित्रं घेऊन साहेब करणार काय?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला डांबरी सडकेवर नेलं. ऊन तापलं होतं. "लांबवर बघा. सडकेवर काय दिसतं?"

"झळया दिसत्यात. पलीकडचं झाड हालतंय."

"झाड हलत नाही. मधली हवा तापलीय, तिच्यातून बघताना झाड वाकडं दिसतं. बार उडाला की हवा एकदम दाबली जाते आणि त्या दाबाची कड पुढं पळत सुटते. ती कड दिसत नाही. पण ती ज्या पट्टीसमोरून जाईल, ती पट्टी वाकडी दिसेल. डोळ्याला पकडता येत नाही, कॅमेऱ्याला येतं."

एवढं खाजामियाँला पटलं. झळया त्यानं जन्मभर बघितल्या होत्या. पण वाकड्या पट्टीवरून जोर कसा मोजणार, ते काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्यानं मात्र त्यातून आपला एक अर्थ काढला, आणि तो पक्का धरून ठेवला: हे यंत्र जळकोटच्या भिंतीचं सांगू शकेल. त्यानं सगळी हकिकत साहेबांना सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं. "फिल्म चांगली आली, तर सांगता येईल. कचेरीला तसं लिहूनही देईन."

आता हे ऐकल्यावर माणूस किती जपून काम करील! साहेबांनी सांगितलं, चार कांड्यांचा जुडगा बांधा. खाजामियाँनं कांड्या पुसून घेतल्या, सुतळी तेलात भिजवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि जुडगा बांधून बांबूला टांगला. साहेबांनी बटण दाबलं. कॅमेरा भोंगा वाजावा तसा किंचाळला, बार उडाला, आणि सेकंदाभरात शंभर फूट फिल्म संपलीसुद्धा. दोन दिवस तयारी केली ती एवढ्यासाठी? खाजामियाँनं लाल फडकं अजून पुरतं खालीही आणलं नव्हतं.

फिल्म पुण्याला गेली, धुऊन तीन आठवड्यांनी आली. साहेबांनी डाकबंगल्यातली एक खोली घोंगड्या लावून अंधारी केली आणि भिंतीवर चित्र टाकलं. एकेक चित्र थांबवून दाखवत होते. आधी नुसत्या पट्ट्या. मग एक पांढरा ठिपका. मग ठिपका फुगला, आणि त्याच्या पुढं, रिकाम्या जागेत, पट्ट्या मोडल्यासारख्या दिसल्या. पुढच्या चित्रात मोड पुढं सरकली. चाळीस वर्षं जिच्याकडं पाठ करून खाजामियाँ पळत आला होता, ती कड आज त्याला समोरून दिसली.

"मोजा," साहेब म्हणाले. "पट्टीवर फुटांच्या खुणा आहेत. आवाजाला एक फूट जायला साडेचार चित्रं लागतात. ही कड सुरुवातीला दोन चित्रांतच एक फूट जाते. आवाजाच्या जितकी पुढं, तितका तिचा जोर. आता टोकाकडं बघा. चार चित्रं लागायला लागली. वीस फुटांत गडी दमला. अजून शंभर फूट पुढं गेल्यावर त्याच्यात काय राहणार?"

"म्हंजी भिंत..."

"थांबा, नीट लिहितो." साहेबांनी कंदील जवळ घेतला, कागद ओढला, बराच वेळ आकडेमोड केली. "तुमचा जळकोटचा बार चार कांड्यांचा होता ना?"

"व्हय."

"हाही चार कांड्यांचा. झालं तर मग. चार कांड्यांच्या उघड्या बारानं सव्वाशे फुटांवरची भिंत..."

साहेबांचा टाक कागदावर चालला होता. खाजामियाँ मात्र त्या आकड्यावर अडकला. चार. साहेब चार म्हणत होते. पण जुडग्यात चार नव्हत्या. तीन होत्या.

त्याच्या उस्तादांचा, गफारमियाँचा, रिवाज होता. नव्या जागेवरचा पहिला बार सलामीचा. चौथा हिस्सा राखून घ्यायचा. कपारीत पारवे असतात, घुबड असतं, साप असतो. त्यांना आधी कळवायचं, की आम्ही आलोय, आता तुम्ही निघा. खाजामियाँनं चाळीस वर्षांत एकाही नव्या जागी सलामी चुकवली नव्हती. माळही नवी जागाच होती. साहेब चार म्हणाले तेव्हा त्यानं मुकाट्यानं तीन बांधल्या, चौथी पेटीत परत ठेवली, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. जेवायला बसताना हात धुतले हे कुणी सांगतं का?

गप्प बसलं असतं तर काय झालं असतं? कागद झाला असता, परवाना आला असता, चूल पुन्हा पहिल्यासारखी पेटली असती. साहेबांना कळायला मार्ग नव्हता. खाजामियाँनं टाकाकडं पाहिलं. खोटं बोलायची त्याला भीती नव्हती, थोडंफार सगळेच बोलतात. पण हा कागद मिळूनसुद्धा आपल्याला भिंतीचं कळणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग कागदाचा उपयोग काय?

"साहेब, त्या जुडग्यात तीनच हुत्या."

टाक थांबला. "चार सांगितल्या होत्या मी."

"सलामीचा बार हुता की," खाजामियाँ म्हणाला, आणि मुरुमच्या माणसाला हे ठाऊक नसावं याचं त्याला मनापासून नवल वाटलं.

साहेबांना आधी अर्थच कळेना. कळला तेव्हा ते असे भडकले, की कंदील उचलून पुन्हा ठेवला. "या आकड्यांवर तक्ता होणार होता, चाचा! तीन कांड्यांचं अंतर चारला लावलं असतं. माणसं जवळ उभी राहिली असती!" मग ते खाटेवर बसले आणि थोड्या वेळानं स्वतःशीच हसू लागले. "घुबडाला कळवायला," ते म्हणाले. "आणि मला नाही कळवलं." खाजामियाँला हसावं की माफी मागावी ते समजेना, म्हणून त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

एक रीळ शिल्लक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार कांड्यांचा बार झाला, या खेपेला साहेबांनी स्वतः मोजून घेतल्या, दोनदा. रीळ पुण्याला गेलं. फाल्गुन लागला आणि साहेब मुरुमला घरी जाताना नळदुर्गच्या मोटारतळावर उतरले. खाजामियाँ तिथं आठ दिवस रोज सकाळी येऊन बसत होता. चहा सांगून साहेबांनी कागद काढला.

"तीन आणि चार, दोन्ही मोजले. जोरात फरक दहाव्या हिश्श्याचा."

"चौथा हिस्सा दारू कमी, तर जोर चौथा हिस्सा कमी नगो?"

"नाही होत तसा."

"मग ती सलामी?"

साहेबांनी बशीत चहा ओतला. "पारव्यांना जवळजवळ पुराच बार ऐकू येत होता, चाचा."

चाळीस वर्षं! खाजामियाँला उस्तादांची लाज वाटली, मग स्वतःची वाटली, मग वाटलं की पारवे तर दर वेळी उडून जायचेच, म्हणजे सलामी लागू पडत होतीच की. हे कोडं त्यानं पुढं कधीतरी बघू म्हणून बाजूला ठेवलं. "आनि भिंत?"

"चार कांड्या उघड्यावर उडवल्या तरी सव्वाशे फुटांवर दाराची कडी वाजेल. भिंत पडणार नाही. तुमच्या तर ठासलेल्या होत्या, विहिरीच्या आत. हवेच्या धक्क्यानं ती भिंत पडली नाही. असं मी सहीनिशी लिहून दिलंय. परवाना मिळेल तुमचा."

खाजामियाँचे डोळे भरून आले. दहा महिन्यांनी त्याला मोकळा श्वास आला. तो श्वास पुरता घ्यायच्या आत त्यानं विचारलं, "मग पडली कशानं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते यात नाही. हादरा जमिनीतूनही जातो. खालचा दगड सलग असला तर लांबवर जातो. त्यानं पडली असेल. किंवा भिंतच पोकळ झाली असेल. माझा कॅमेरा फक्त हवेचं बघतो."

"जमिनीचं कोन बघतं?"

"त्याला वेगळं यंत्र लागतं. आणि आता ती भिंतही नाही, तो बारही नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

साहेबांची मोटार गेली. खाजामियाँ कागद हातात धरून बसून राहिला. म्हणजे आपण सुटलो, का नाही सुटलो? कागदाच्या हिशेबी सुटलो. हवेच्या हिशेबी सुटलो. जमिनीचं कुणी विचारलंच नव्हतं. इतका शिकलेला माणूस आला, एवढी चित्रं काढली, आणि भुंगा होता तिथंच राहिला. घरी गेला तर फरिदाबी आनंदानं गूळ वाटायला निघेल, या विचारानं त्याला घरीही जाववेना. जळकोटची मोटार लागली होती. काही न ठरवता तो तिच्यात चढला.

अयोध्याबाई घरापुढं ओट्यावर बसून हरभरा निवडत होती. वय पन्नाशीचं, पाठ ताठ. काठी शेजारी टेकवलेली होती. पडलेल्या भिंतीच्या जागी ज्वारीच्या ताटांचा कूड घातला होता. खाजामियाँला तिनं ओळखलं, पदर सावरला, सूप खाली ठेवलं.

खाजामियाँनं बसायच्या आधीच सुरुवात केली. मोटारीत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते एका दमात ओतलं. पट्ट्यांचा पडदा, पाच हजार चित्रं, तीन कांड्या, चार कांड्या, दाराची कडी. "हवेनं न्हाय पडली, अयोध्याबाय. ते लिहून मिळालंय. पर जमिनीतनं हादरा गेला आसंल तर ते म्हाईत न्हाय. म्या पाडली आसंल, न्हाय बी पाडली आसंल. खोटं सांगत न्हाय. लई इचारलं म्या. धुळाप्पाला इचारलं, मौलवीसायबाला इचारलं, गवंड्याला इचारलं, पुन्याच्या सायबाला इचारलं. कुनालाच सांगता येत न्हाय."

तो थांबला. अयोध्याबाई त्याच्याकडं बघत होती. रागानं बघत नव्हती, त्यामुळं तो आणखीच गोंधळला.

"समद्यास्नी इचारलंत," ती म्हणाली.

"व्हय."

"धा महिनं झालं. माज्या पायाचं कुनाला इचारलंत?"

खाजामियाँनं मनातल्या मनात धुळाप्पापासून साहेबांपर्यंत सगळ्यांशी झालेली बोलणी पुन्हा चाळली. भिंत होती, बार होता, परवाना होता. पाय कुठंच नव्हता. त्याला हातातला कागद नकोसा झाला आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

"तुमी पाडली का न्हाय, ते म्या तुमाला कवा इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "अर्ज बी माजा न्हवता. म्या आपली वाट बघत बसायची. आज येतील, उद्या येतील. चार दिवस बाभळीचं काटं तोडायला तुमी माज्या दारातनंच जायचा न्हवं का? पानी मागून प्यायचा. म्हटलं, वळखीचा मानूस हाय, मला बाजंवर न्हेताना बघितलंय, येतोच की."

खाजामियाँ ओट्याच्या कडेवर बसला. मग त्यानं खाली बघत विचारलं, "कसा हाय पाय?"

"थंडीत ठनकतो," अयोध्याबाई म्हणाली. "सकाळच्या पारी टेकवत न्हाय." आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली. दवाखान्यात हाड दोनदा बसवलं ते, प्लास्टरात मुंग्या शिरल्या ते, पहिल्यांदा काठी धरून न्हाणीपर्यंत गेली तो दिवस, शेरडं विकावी लागली ते. खाजामियाँ ऐकत राहिला. सडकेवरून नळदुर्गची शेवटची मोटार गेली, तरी तो उठला नाही.